जर्मनीला जाताना सिमचं काय केलं

आमच्या घरात माझा मोबाइल नंबर माझ्या एकटीचा कधीच नव्हता. ओसरीवरच्या बाजेसारखा तो सगळ्यांचा. ज्याला गरज पडली त्यानं टेकावं. बाबांच्या आधारला तोच, आईच्या आधारला तोच. बँकेच्या पासबुकाला, गॅसच्या नोंदणीला, पीएम किसानला, पीक विम्याला तोच. आलेला मेसेज उघडून वाचणारी घरात मी एकटी, म्हणून फॉर्म भरताना जो तो माझा नंबर द्यायचा. पुढे नर्सिंग शिकायला यवतमाळला गेले, मग नोकरीला नागपूरला, तरी व्यवस्था तीच. सेतू केंद्रातून बाबांचा फोन यायचा, "बाई, ओटीपी आला का पाह्य बरं," आणि मी वॉर्डाबाहेर येऊन सहा आकडे सांगायची.

२०२५ च्या मार्चात जर्मनीला जायचं पक्कं झालं, तेव्हा जो भेटेल तो एकच विचारायचा, तिकडं कोणतं सिम घेशील? माझी झोप उडवली ती इकडच्या नंबरानं. तिकडच्या सिमची माहिती हवी तेवढी मिळते, व्हिडिओवर व्हिडिओ पडलेत. पण घरच्यांची अर्धी कागदपत्रं ज्या नंबरावर टांगलेली आहेत तो नंबर घेऊन परदेशी जायचं कसं, हे सांगणारं मला कोणी भेटलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून नर्सिंग केलेल्या, आयटीआय केलेल्या आपल्याकडच्या बऱ्याच पोरापोरींच्या डोक्यात जर्मनी आहे. त्यांच्यातल्या खेड्यातल्यांसाठी हे लिहितेय.

आधी माझ्या स्वतःच्या नंबराचं. आमच्याकडं सर्रास चालणारा उपाय म्हणजे सिम घरी ठेवून जायचं. आखातात गेलेल्या कित्येकांची सिमं त्यांच्या आईच्या जुन्या फोनमध्ये आहेत. ओटीपी आला की आई वाचून दाखवते. मला ते पटलं नाही. एकीकडं आईला मी हजारदा सांगायचं की ओटीपी कोणाला सांगायचा नाही, आणि दुसरीकडं रोज तिच्याकडून तोच वदवून घ्यायचा. शिवाय त्या फोनची बॅटरी, रिचार्ज, रेंज हे सगळं तिच्या गळ्यात. नंबर बंद करून टाकणंही शक्य नव्हतं. बंद झालेला नंबर कंपन्या किमान ९० दिवस दुसऱ्या कोणाला देत नाहीत, पण त्यानंतर देऊ शकतात. म्हणजे माझं बँक खातं आणि व्हॉट्सअॅप ज्या नंबरावर आहे, तो उद्या कुण्या अनोळखी माणसाच्या खिशात. तेव्हा नंबर माझ्यासोबत जाणार, चालू राहणार, आणि घरच्यांची कामं त्यावरून उतरवून त्यांच्या स्वतःच्या नंबरांवर जाणार, एवढं ठरवलं.

नंबर चालू ठेवायचा म्हणजे किती खर्चाचा? मोबाइल कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या ट्रायच्या नियमात एक सोय २०१३ पासून आहे: ९० दिवस सिमचा काहीच वापर नसला आणि खात्यात २० रुपये शिल्लक असले, तर ते कापून आणखी ३० दिवस नंबर राखला जातो. व्हॉट्सअॅपवर हे फिरत असतं आणि लोक समजतात की वीस रुपयांत काम झालं. नंबर राखला जाणं वेगळं आणि त्यावर मेसेज येणं वेगळं. पॅकची व्हॅलिडिटी संपली की येणारे मेसेजही अडू शकतात, आणि मला तर ओटीपीसाठीच नंबर हवा होता. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी दर वाढवले होते, वर्षाचा डेटावाला पॅक मारायचा म्हणजे तीन हजारांच्या पुढं. डेटा मला भारतातला लागणारच नव्हता. नशिबानं डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं कंपन्यांना नुसत्या कॉल आणि मेसेजचे पॅक काढायला लावले, ३६५ दिवसांपर्यंतच्या मुदतीचे. जानेवारीत ते बाजारात आले. वर्षाला अठराशे-एकोणीसशे रुपयांत माझं भागलं. आर्णीच्या मोबाइलवाल्याला हा पॅक ठाऊकच नव्हता, तो आपला डेटावालाच दाखवत होता. अॅपमध्ये खालपर्यंत सरकवत गेलं की सापडतो.

बीएसएनएलमध्ये पोर्ट करायचाही, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचाही विचार झाला, कारण स्वस्त. पण माझा निकष एकच होता: परदेशातून, मी एकटी, काउंटरवर न जाता रोमिंग सुरू-बंद करू शकेन का आणि रिचार्ज मारू शकेन का. ज्या कंपनीचं सिम होतं तिच्या अॅपमध्ये ते सगळं दिसत होतं, म्हणून नंबर तिथंच ठेवला. तुमच्याकडं ज्या कंपनीचं असेल तिच्या अॅपमध्ये निघण्याआधी स्वतः हात घालून पाहा. इंटरनॅशनल रोमिंग भारतात असतानाच सुरू करा. रोमिंगमध्ये येणारे मेसेज फुकट असतात, पण रोमिंग सुरूच नसेल तर तिकडं सिमला नेटवर्कच धरता येत नाही. माझ्याबरोबर आलेल्या एका मुलीचं असंच झालं. बँकेचा ओटीपी येईना, आणि कस्टमर केअर म्हणे भारतातून फोन करा.

सिम जुनं, झिजलेलं होतं, तेही बदलून घेतलं. सिम बदललं की २४ तास मेसेज बंद राहतात आणि सात दिवस पोर्ट करता येत नाही. फसवणूक रोखायला केलेले नियम आहेत. त्यामुळं हे काम विमानाच्या आदल्या दिवशी करायचं नसतं. आणि ज्या फोनवर यूपीआय चालू आहे तोच फोन सोबत न्या. नव्या फोनवर यूपीआय बसवताना त्या सिमवरून एक मेसेज आपोआप जावा लागतो; रोमिंगमध्ये त्याचे पैसे लागतात आणि तो कधी पोचतो, कधी पोचत नाही.

कोणी म्हणेल, जर्मन नंबरच बँकेला देऊन टाक की. परदेशात नोकरीला गेलं की इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं रुपयांतलं खातं करावं लागतं, ते मी केलं. एनआरओ खात्याला परदेशी नंबरावर यूपीआय चालवायची मुभाही २०२३ पासून आहे, पण ठरावीक देशांच्या नंबरांनाच. पहिल्या यादीत सिंगापूर, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, हाँगकाँग, ओमान, कतार, सौदी, यूएई आणि ब्रिटन होते. जर्मनी नव्हता. दुबईला गेलेल्या माझ्या मावसभावाला जी सोय आहे ती मला नाही. आधारचा ओटीपी तर परदेशी नंबरावर येतच नाही. म्हणजे भारतीय सिमला पर्याय नव्हता.

आता घरच्यांची कामं उतरवायची. यात क्रम महत्त्वाचा. आधी आधार, कारण बाकी बहुतेक ठिकाणी बदल करायला आधारचाच ओटीपी लागतो. त्यात फार्मर आयडीची नोंदणी तेव्हा नुकतीच सुरू झालेली, तीही आधारच्या ओटीपीवर. आधारचा नंबर तेव्हा घरबसल्या बदलता येत नव्हता. माणूस स्वतः केंद्रावर हवा आणि अंगठा जुळायला हवा.

बाबांना घेऊन तालुक्याला गेले. कापसाच्या तिसऱ्या वेच्याचे दिवस होते, त्यात मजूर मिळेना म्हणून बाबा स्वतःच वेचायला. बोंडाच्या टोकांनी बोटं ओरखडलेली, अंगठ्याच्या चिरांत काळं बसलेलं, नखाशेजारी पांढरा भेगाळलेला कातडा. ऑपरेटरनं अंगठा काचेवर ठेवायला सांगितला. लाल. पुन्हा लाल. "काका, जरा दाबून." मग "काका, इतकं दाबू नका." त्यानं ओलं फडकं दिलं, बाबांनी अंगठा पुसला, मग धोतराला कोरडा केला, मग तर्जनी लावून पाहिली, मग डावा हात. मागं रांग वाढलेली. बाबा माझ्याकडं न पाहता म्हणाले, "सायबाले सांग, हा अंगठा मायाच हाय." ऑपरेटर हसला, पण माणूस चांगला होता. कपाटातून डोळ्याचं यंत्र काढलं, दुर्बिणीसारखं. बाबांनी डोळे ताणून उघडे धरले आणि पहिल्याच खेपेला हिरवं आलं. हात झिजलेल्या माणसाला केंद्रावर नेताना डोळ्याचं यंत्र आहे का, हे आधी विचारून जा. फी तेव्हा ५० रुपये होती. ऑक्टोबर २०२५ पासून ७५ झाली आहे.

आईसाठी तेवढंही करावं लागलं नाही. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊन आधारचा मोबाइल नंबर बदलून देतो, ही सोय २०२१ पासून आहे आणि आमच्याकडं कोणाला माहीत नाही. आमच्या पोस्टमनदादांनी अंगणात खाटेवर बसून ते काम केलं. आईची बोटं जुळली, ती म्हणाली, "भांड्यानं घासली तरी माई बोटं शाबूत हायेत."

बँकेत अर्ज, गॅस एजन्सीत अर्ज, पीएम किसानच्या पोर्टलवर बदल, हे पाठोपाठ झालं. ते सांगण्यात रस नाही; फक्त प्रत्येक ठिकाणी पोच घ्या आणि पोचेचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवा.

पण थांबा. आईबाबांचे नंबर लावायचे म्हटलं तरी ते कोणते? बाबांकडं बटणांचा फोन होता. आईकडं फोनच नव्हता. आणि मी तिकडून व्हिडिओ कॉल कुणाला करणार? म्हणजे घरच्यांसाठी कंपनी निवडायची होती, आणि सगळ्या प्रकरणातली हीच सगळ्यात अवघड निवड निघाली.

आमचं गाव आर्णी तालुक्यात, नागपूर-तुळजापूर हायवेवरून आत. हायवेवर फाइव्ह-जी पळतं. आत वळलं, सागाचं जंगल लागलं, की एकेक काडी गळत जाते. गाव खोलगट भागात आहे, तीन बाजूंनी बरड. जाहिरातीत नकाशा सगळा रंगवलेला असतो. पण मला पाहिजे होतं ते आईच्या चुलीपाशी काय येतं आणि बाबांच्या वावरात काय येतं ते. मग चुलतभावाचा फोन घेतला, शेजारच्या काकूंचा घेतला, माझा होताच. तीन फोन, तीन कंपन्या. सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी आठला, घरात फिरून पाहिलं. टिनाच्या खाली दोन कंपन्या मरतात. ओसरीच्या डाव्या खांबाजवळ एक जिवंत असते, पण कॉलपुरती, व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो. माळवदावर तिन्ही येतात. संध्याकाळी आठला मात्र सगळं गाव रीलवर असतं, तेव्हा दुपारी जी कंपनी सगळ्यात जोरात होती तीच सगळ्यात हळू झाली. हे नकाशावर कळत नाही.

आणखी एक गोष्ट अशीच फिरता फिरता समजली. लाइट गेली की काही वेळानं एका कंपनीचा टॉवरही जातो, बॅटरी जुनी असावी. दुसरीचा टिकतो. आमच्याकडं उन्हाळ्यात लाइट जाणं हा अपवाद नाही, ते वेळापत्रक आहे. त्यामुळं घरात दोन सिम, दोन वेगळ्या कंपन्यांची, हे तिथंच ठरलं. बाबांच्या फोनचा प्रश्न परस्पर सुटला: त्यांचा बटणांचा फोन जुना टू-जीवाला, आणि जिओचं टू-जी नेटवर्कच नाही. जिओ घ्यायचं तर फोर-जीवाला बटणांचा फोन घ्यावा लागतो. बाबा आपला फोन सोडायला तयार नव्हते. तो एकदा चार्ज केला की आठवडाभर चालतो, पाटाच्या पाण्यात पडूनही उठला आहे, आणि त्याची टॉर्च चांगली आहे. रात्रपाळीच्या लाइटीवर ओलीत करायला जाणाऱ्या माणसाला टॉर्चचं मोल असतं. तेव्हा बाबांसाठी वावरात ज्याची टू-जी रेंज येते तेच जुनं सिम ठेवलं. आईसाठी माझा आधीचा स्मार्टफोन, आणि त्यात संध्याकाळी आठला जे तगून राहतं ते सिम. तिच्या नावावर घेतलं, माझ्या नाही. माझ्या नावावरचं सिम बिघडलं तर बदलून घ्यायला मला स्वतःला उभं राहावं लागलं असतं.

चुलतभावाला ही पाहणी बघून नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचा किडा चावला. पोर्टची रीत सोपी आहे: इंग्रजीत पोर्ट लिहून जागा सोडून आपला नंबर टाकायचा आणि १९०० ला पाठवायचा. कोड येतो, तो चार दिवस चालतो, तेवढ्यात नव्या कंपनीकडं ओळखपत्र घेऊन जायचं. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावे लागतात. विदर्भ महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतो, त्याच सर्कलमध्ये तीनेक कामकाजाच्या दिवसांत होतं. मुंबईचं सर्कल वेगळं आहे, तिथला नंबर असेल तर थोडं जास्त.

आता जर्मनी. यावर मी लांबण लावणार नाही.

माझ्या फोनमध्ये ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता चालणारं सिम, नव्हतं, म्हणून पहिल्या काही दिवसांसाठी भारतीय सिमवरच छोटा रोमिंग पॅक मारून निघाले. स्टुटगार्टपासून तासाभरावरच्या एका गावातलं हॉस्पिटल. जर्मनीत स्वतःचं जाळं असलेल्या तीन मोठ्या कंपन्या: टेलिकॉम, वोडाफोन आणि ओ-टू. चौथी १अँड१ नवी आहे. पण आपल्यासारख्यांनी जायचं सुपरमार्केटात. तिथं काउंटरवर किराण्यासोबत सिमची पाकिटं टांगलेली असतात. आल्दी टॉक ओ-टूच्या जाळ्यावर चालतं, लिडल कनेक्ट वोडाफोनच्या, काँगस्टार टेलिकॉमच्या. जाळं तेच, दर कमी, फक्त दुकान आणि शोरूमचा थाट नाही.

कोणतं घ्यावं याची माझी पद्धत तीच राहिली जी गावात होती. पहिल्या आठवड्यात वॉर्डातल्या सहकाऱ्यांना विचारलं, तळघरातल्या लॉकररूममध्ये कोणाचा फोन चालतो? एकीनं हात वर केला, बाकीच्या हसल्या. तिचं टेलिकॉमच्या जाळ्यावरचं होतं. मग तेच. जर्मनीत गेलं की सगळीकडं धो-धो नेटवर्क असेल असं आपल्याला वाटतं. डोंगराळ भागात, श्वार्त्सवाल्ड म्हणजे ब्लॅक फॉरेस्टच्या दऱ्यांत तर खुशाल तासभर फोन मुका राहतो. बसच्या खिडकीतून ते पाहिलं तेव्हा मला आर्णीचं वळण आठवलं आणि बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सिम विकत मिळतं पण लगेच चालू होत नाही. जुलै २०१७ पासून तिथं प्रीपेड सिमलाही ओळख पटवणं सक्तीचं आहे. एक मार्ग व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट दाखवायचा, दुसरा पोस्टाच्या शाखेत जाऊन. मी पोस्टात गेले. तिथल्या बाईंनी पासपोर्ट पाहिला, कागदावरचा कोड स्कॅन केला, सही घेतली. जर्मनीतला पत्ताही द्यावा लागतो. मी हॉस्टेलचा दिला.

कॉन्ट्रॅक्ट नको, हा सल्ला मला सगळ्यांनी दिला आणि तो बरोबर आहे. कॉन्ट्रॅक्ट देताना कंपनी शुफा नावाच्या संस्थेकडं तुमची पत तपासते, आणि नुकत्याच आलेल्या माणसाची तिथं काही नोंदच नसते. दुसरं म्हणजे पहिली मुदत दोन वर्षांपर्यंतची असू शकते. बारा महिन्यांचा पर्याय ठेवणं कंपनीवर बंधनकारक आहे, पण तो विचारावा लागतो, कोणी आपणहून पुढं करत नाही. एक चांगलं झालंय: डिसेंबर २०२१ च्या कायद्यापासून पहिली मुदत संपल्यावर कॉन्ट्रॅक्ट परत वर्षभरासाठी गळ्यात पडत नाही, एका महिन्याच्या नोटिशीवर सोडता येतं. प्रीपेडला यातली काहीच भानगड नाही. दहा युरोच्या आसपास चार आठवडे. हो, चार आठवडे, महिना नव्हे. २८ दिवसांची चलाखी तिकडंही आहे. वर्षाला तेरा रिचार्ज. युरो तेव्हा नव्वदीच्या पुढं होता, त्यामुळं हजाराच्या आत चार आठवडे निघायचे. पहिले काही महिने प्रत्येक किमतीला मनात नव्वदनं गुणायची सवय जात नाही.

स्टुटगार्टकडच्या आमच्या भागापुरती एक सूचना. युरोपियन युनियनमध्ये रोमिंगचे वेगळे पैसे नाहीत, जून २०१७ पासून. फ्रान्समध्ये जा, ऑस्ट्रियात जा, पॅक तोच. पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. बोडेनसे तळ्याकाठी फिरायला गेलं की फोन गुपचूप पलीकडचं स्विस नेटवर्क धरतो. काही कंपन्या स्वित्झर्लंड पॅकमध्ये धरतात, काही नाही. तिकडं जाताना मी डेटा रोमिंग बंद करूनच निघते.

भारतीय सिम फोनच्या दुसऱ्या खणात. त्यावर डेटा बंद, आणि त्यावर आलेला कॉल उचलायचा नाही, कारण पॅक नसताना रोमिंगमध्ये उचललेल्या कॉलचेही पैसे लागतात. लोकांना सांगून ठेवलं की व्हॉट्सअॅपवर करा. व्हॉट्सअॅपचा नंबर तोच जुना ठेवला आहे.

एवढं सगळं केलं आणि पहिल्याच कॉलला बाबांनी माझा फोन उचलला नाही.

आईच्या फोनला त्या दिवशी रेंज नव्हती, म्हणून बाबांच्या बटणफोनवर सरळ कॉल लावला. लायका, लेबारा अशी परदेशी कामगारांसाठीची सिमं तिकडं मिळतात, त्यांच्या काही पॅकमध्ये भारतात बोलायची मिनिटं असतात. हॉस्टेलमधल्या एकीकडं तसं होतं, तिच्याच फोनवरून लावला. रिंग जाते, कट होते. पुन्हा लावला, पुन्हा कट. शेवटी चुलतभावाला मेसेज केला. तो वावरात जाऊन बाबांना सांगून आला तेव्हा उचलला.

"काहून कापत होते बाबा?"

"अवं, चार-नऊचा नंबर दिसला. इथं तं म्हनते, बाहेर देशचा फोन उचलला का खात्यातले पैसे जाते."

त्या महिन्यांत कोणालाही फोन लावला की आधी सायबर फसवणुकीची सूचना वाजायची, कंपन्याही परदेशी कॉलवर तसा शिक्का दाखवू लागल्या होत्या. बाबांनी अगदी शिकवल्याप्रमाणं केलं होतं. नुसतं उचलल्यानं पैसे जात नाहीत, आकडे सांगितल्यानं जातात, हे त्यांना समजावलं. पण अनोळखी परदेशी नंबर उचला, असं मी त्यांना सांगितलं नाही. चुलतभावाकडून माझा एकच जर्मन नंबर माझ्या नावानं साठवून घेतला, आणि ठरवलं की मी फक्त त्याच नंबरावरून लावणार. मैत्रिणीच्या फोनवरून कधीच नाही. आणि पैशाचं बोलणं असलं तर आईच्या व्हिडिओ कॉलवर, तोंड पाहूनच. माझ्या आवाजात कोणी पैसे मागितले तरी द्यायचे नाहीत, मी रडत असले तरी. आईला हे ऐकायला आवडलं नाही.

वेळही बांधून घेतली. उन्हाळ्यात जर्मनी भारतापेक्षा साडेतीन तास मागं, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं सरकतात. सकाळपाळी असली की दुपारी घरी येऊन जेवते आणि गावात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा कॉल लावते. आई माळवदावर चढते. पावसाळ्यात माळवदावर जाता येत नाही, तेव्हा डाव्या खांबाजवळ उभी राहून नुसतं बोलणं. लाइट नसली की बाबांच्या फोनवर.

घरच्या दोन्ही सिमांचा रिचार्ज मी जर्मनीतूनच मारते. त्यात एक अडचण निघाली: जर्मन कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही. एनआरओ खात्याचं डेबिट कार्ड चालतं, आणि त्याचा ओटीपी माझ्या भारतीय सिमवर येतो. म्हणून निघताना त्या खात्यात वर्षभराच्या रिचार्जपुरते पैसे टाकून ठेवले होते. आईच्या सिमला डेटा लागतो, त्याला ८४ दिवसांचा पॅक. बाबांच्या सिमला फक्त कॉलचा. तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये आहेत, ड्यूटीच्या पाळ्यांच्या खाली.

तिकडं कॉन्ट्रॅक्ट घ्यायचं का, हा विषय हॉस्टेलमध्ये अधूनमधून निघतो. वर्ष झालं, पगार नियमित जमा होतो, आता शुफात थोडीफार नोंद झाली असेल. पण माझ्या नर्सिंगच्या शिक्षणाला तिथली मान्यता मिळाली की मी याच हॉस्पिटलात राहीन की दुसऱ्या गावात जाईन, ठरलेलं नाही. दुसऱ्या गावातल्या तळघरात कोणाची काडी येते कोणास ठाऊक. तोवर प्रीपेडच.